संशोधनपर लेखनातील संदर्भ : का आणि कसे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकात कथा, कविता, प्रवासवर्णने पुष्कळ असतात. त्यांत हा रुक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. तथापि यंदा आम्हा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प लिहावे लागले आणि त्या निमित्ताने मागील काही वर्षांचे प्रकल्प मी चाळून पाहिले. जवळपास प्रत्येकाच्या अखेरीस संदर्भग्रंथांची यादी आहे. यादी नेटकी आहे, अक्षरही सुंदर आहे. पण आतल्या तीस-चाळीस पानांतील कोणते विधान त्या यादीतल्या कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पानावरून आले, हे शोधू म्हटले तर सापडत नाही. लग्नपत्रिकेवर ‘आपले नम्र’ म्हणून नावांची रांग असते, तशी ही यादी. नावे सगळ्यांची असतात, पण कोणी काय केले ते पत्रिकेवरून कळत नाही.

इंग्रजीत या विषयावर जाडजूड नियमपुस्तके आहेत. शिकागो विद्यापीठाचे नियमपुस्तक १९०६ साली प्रथम निघाले आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघत असतात. भाषा-साहित्याचे अभ्यासक एमएलएचे, तर मानसशास्त्राचे व शिक्षणशास्त्राचे अभ्यासक एपीएचे नियम पाळतात. स्वल्पविराम कोठे, पूर्णविराम कोठे, वर्ष नावानंतर की अखेरीस, हे सारे त्यांत बारकाईने सांगितलेले असते. ते शिकावेच लागते. परंतु हा सगळा खटाटोप मुळात कशासाठी, हे मला त्या पुस्तकांपेक्षा आमच्या घरच्या सातबाऱ्यावरून लवकर उमगले. म्हणून सुरुवात तेथूनच करते.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. आमचे आबा शाळेत दुसरीपर्यंतच गेले. पण सातबारा हाती पडला की नावाच्या आधी ते हा आकडा पाहतात. ‘नाव कुनाचं बी लागतंय, कोन्च्या फेरानं लागलं ते बघावं,’ असे त्यांचे म्हणणे. त्या आकड्यावरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडता येते. नाव वारसाने लागले, खरेदीने की वाटणीने, केव्हा लागले, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की नाही, हे तेथे सापडते. नोंद चुकीची असेल तर तक्रारही करता येते, कारण बोट ठेवायला एक ठिकाण मिळालेले असते.

तळटिपेचा आकडा म्हणजे हाच फेरफाराचा आकडा होय, असे मला वाटते. लेखकाच्या मजकुरात एक विधान आले. ते कोणत्या वाटेने आले हे त्या आकड्याखाली लिहिलेले असावे, आणि ज्याला शंका आहे त्याला त्याच वाटेने उलट चालत जाता यावे. लेखक किती ग्रंथ वाचून बसला आहे हे दाखवण्यासाठी तळटीप नसते. परीक्षकाची भीती हेही तिचे खरे कारण नव्हे.

ही पद्धत परकी आहे असे मानण्याचेही कारण नाही. आपल्याकडे गावोगाव सप्ताह होतात. कीर्तनकार एखादा सिद्धान्त मांडतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ लगेच संतांचा अभंग किंवा ओवी म्हणतो. त्याला वारकरी मंडळींत ‘प्रमाण’ असाच शब्द आहे. अभंगाच्या अखेरीस संताची नाममुद्रा असतेच. नामदेवांचे प्रमाण कोणी तुकोबांच्या नावावर घातले, तर मागे उभा असलेला जुना टाळकरी गप्प बसत नाही. ज्या माणसाने आयुष्यात तळटीप पाहिलेली नाही, तोही प्रमाण कोणाचे याबाबत इतका काटेकोर असतो!

हस्तलिखित पोथ्यांतही हेच दिसते. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव, शक, महिना, तिथी लिहितो. त्या भागाला पुष्पिका म्हणतात. पुष्कळदा तो आणखी असेही लिहितो, की समोरच्या पोथीत जसे दिसले तसे मी उतरवले, दोष असल्यास मला देऊ नये. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष आणि सच्चिदानंदबाबा हे लेखनिकाचे नाव येते. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. या कामाची नोंद त्यांनी ग्रंथाखेरीस केली आणि आपली स्वतःची ओवी या ग्रंथात कोणी मिसळू नये, असे बजावूनही ठेवले. अमृताच्या ताटात कोणी नारळाची नरोटी ठेवील काय, असा त्यांचा दृष्टान्त आहे. दुसऱ्याचे शब्द आणि आपले शब्द वेगळे दिसले पाहिजेत, हा संशोधनलेखनातील पहिला नियम. तो आपल्या मराठवाड्यात चारशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितला गेला आहे. अवतरणचिन्हे तेवढी नंतर आली.

आता एका विद्यार्थ्याची हकीगत सांगते, कारण तीत आपल्याला विशेष रस वाटावा. जेम्स ग्रँट डफ हा ब्रिटिश अधिकारी १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यास होता. पेशवाई नुकतीच बुडाली होती. दप्तरे, बखरी, घराण्यांचे कागद त्याला पाहायला मिळाले. त्यांवरून त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहून १८२६ साली लंडनला प्रसिद्ध केला. त्याच्या पानोपानी तळटिपा आहेत. आपण पाहिलेल्या काही कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या आहेत, असेही त्याने त्या टिपांतून लिहिले. पुढे त्याच्या इतिहासाचे मराठी भाषांतर झाले आणि आपल्याच लोकांचा इतिहास म्हणून आपली मुले ते वाचू लागली.

१८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने पुण्याच्या तरुण मंडळींच्या सभेपुढे या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला. साहेबाच्या ग्रंथात चुका काढणे त्या काळी सोपे नव्हते. शिव्याशाप देऊन टाळ्या मिळवणे मात्र सोपे होते. कीर्तन्यांनी तसे न करता साहेबाचा आधार तपासायला घेतला. कोणती बखर पाहिली, कोणती पाहिली नाही, आणि ज्या कागदांचा हवाला दिला ते कागद आज कोठे आहेत, हे त्यांनी विचारले. पुढच्या अभ्यासकांनी मुंबईस शोध केला तेव्हा त्या नकला हाती लागल्या नाहीत. डफने कागद जाळले अशी वदंता त्यातून उठली आणि ती फार वर्षे चालली. वदंतेला पुरावा काय, हा प्रश्न तिलाही लागू आहेच! परंतु कीर्तन्यांच्या प्रश्नाचा खरा परिणाम वेगळा झाला. मूळ कागद आपणच शोधून, जसेच्या तसे छापले पाहिजेत, ही ओढ महाराष्ट्रात उत्पन्न झाली. स्वतः कीर्तन्यांनी जुन्या बखरी संपादून छापल्या. १८७८ साली ‘काव्येतिहास-संग्रह’ हे मासिक निघाले. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. हे सारे एका प्रश्नातूनच झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्याची सुरुवात तळटीप वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपासून धरायला हरकत नाही. डफने तळटीप दिली म्हणून तर तिला जाब विचारता आला, हेही येथे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

राजवाडे आणि आपला बीड जिल्हा यांचा संबंध याच विषयात येतो. गावोगाव पायपीट करून, कोणाच्या माळ्यावरचे रुमाल, कोणाच्या देवघरातील पोथ्या गोळा करणारा हा माणूस. बीड येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली. ती एकनाथांनी शुद्ध करण्याच्याही पूर्वीची आहे असे त्यांचे मत झाले. तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मराठी भाषेच्या इतिहासात या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. त्या पाठावर वादही पुष्कळ झाले. परंतु वाद मिटवण्यासाठी जी गोष्ट समोर ठेवायची, ती बीडची मूळ पोथी आज उपलब्ध नाही. प्रत खरोखर किती जुनी, कागद कोणता, अक्षर कोणत्या वळणाचे, राजवाड्यांनी कोठे काय वाचले, हे आता त्यांच्या छापील ग्रंथावरूनच ठरवावे लागते. ज्यांनी इतरांना मूळ कागदाचा धडा दिला त्यांच्याच बाबतीत वाट अर्ध्यावर तुटावी, याचे फार वाईट वाटते. फेरफाराचा आकडा आहे पण नोंदवहीच नाही, असा हा प्रकार. म्हणून संदर्भ देताना मूळ साधन आज कोठे, कोणाच्या ताब्यात आहे, हे लिहिण्याचा आग्रह इतिहासाचे प्राध्यापक धरतात, तो मला पूर्ण पटतो.

आपल्या तालुक्यापुरते आणखी एक उदाहरण देते. मुकुंदराज अंबाजोगाईचे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथे त्यांची समाधी आहे, आपण दर्शनाला जातो. ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगतात. परंतु विदर्भात वैनगंगेकाठी आंभोरे आहे, आणि मुकुंदराज तेथले, असे मानणारे अभ्यासकही आहेत. प्रकल्पात ‘आद्यकवी मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे होत’ एवढेच वाक्य लिहून पुढे जाणे म्हणजे अभिमान झाला. मी अंबाजोगाईचा पक्ष सोडा असे म्हणत नाही. माझाही पक्ष तोच आहे. पण कोणत्या पोथीतील कोणत्या उल्लेखावरून, कोणत्या अभ्यासकाने तसे मांडले, आणि आंभोऱ्याचे म्हणणारे कशाच्या जोरावर म्हणतात, हे दोन्ही लिहिले तर नागपूरकडचा विद्यार्थीही आपला प्रकल्प गांभीर्याने वाचेल.

असो. आता प्रत्यक्ष कसे लिहावे याकडे वळते. पुस्तकाचा संदर्भ देणे कठीण नाही : लेखकाचे आडनाव, मग नावाची आद्याक्षरे, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ. पद्धत कोणतीही घ्या, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा. ग्रंथ संपादित असेल तर ‘संपा.’, भाषांतरित असेल तर ‘अनु.’ हे विसरू नये; भाषांतरकाराचे नाव गाळणे हा तर सर्रास होणारा अन्याय आहे. लगेच खाली पुन्हा तोच ग्रंथ आला तर ‘तत्रैव’ आणि मध्ये दुसरे ग्रंथ येऊन गेले असतील तर ‘उ. नि.’, म्हणजे उपरिनिर्दिष्ट, असे मराठी प्रबंधांत लिहितात. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे बदलतात.

अडचण येते ती खास आपल्या साधनांत. इंग्रजी नियमपुस्तके आडनाव आधी लिहा म्हणतात. ज्ञानदेवांचे आणि मुकुंदराजांचे आडनाव काय लिहाल? तेथे प्रसिद्ध नावच घ्यावे. ज्ञानेश्वरीचा संदर्भ पानाने न देता अध्याय आणि ओवीक्रमांक यांनी द्यावा आणि कोणाची प्रत वापरली ते सांगावे, कारण प्रतीप्रतींत ओव्यांचा क्रम आणि पाठ सारखा नसतो. तुकोबांच्या गाथ्यात तर नुसता अभंगक्रमांक देऊन काहीच साधत नाही. गाथा बदलला की क्रमांक बदलला. शिलालेखाचे आणखी वेगळे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे नाव सांगणारे लेख अंबाजोगाईत आहेत. तो दगड तुम्ही स्वतः पाहिला, की त्याचे छापलेले वाचन पाहिले, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. कारण झिजलेले अक्षर दोन वाचकांना दोन प्रकारे लागते.

तारखांचा घोळ तर आपल्याइतका कोणाला नसेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुन्या महसुली कागदांवर फसली सन, पोथ्यांवर शक, मराठेशाहीच्या पत्रांत अरबी सुहूर सन. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९० किंवा ५९१, सुहुरात ५९९ किंवा ६००. दोन-दोन आकडे यासाठी, की त्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. म्हणून कागदावरील मूळ सन आहे तसा लिहावा आणि कंसात इसवी सन द्यावा. नुसता इसवी सन लिहिला आणि हिशेबात एक वर्षाची चूक राहिली, तर ती कोणाला शोधताही येणार नाही.

आणखी एक बाब प्रामाणिकपणाची. ग्रँट डफचे तीन खंड किंवा कीर्तन्यांचा निबंध आपल्यापैकी किती जणांनी हाती धरला असेल? आपण त्यांच्याविषयी दुसऱ्याच्या ग्रंथात वाचतो. मग संदर्भ त्या दुसऱ्या ग्रंथाचा द्यावा आणि ‘उद्धृत’ असे लिहावे. थेट डफच्या खंडाचा पृष्ठांक देऊन मोकळे होणे म्हणजे न पाहिलेल्या साक्षीदाराची सही आपणच करणे. अलीकडे मोबाइलवर प्रश्न टाइप केला की यंत्रच उत्तर लिहून देते आणि खाली ग्रंथांची नावेही देते. त्यांतील काही ग्रंथ कधी छापलेच गेलेले नसतात, पण नावे मोठी रुबाबदार असतात! तो ग्रंथ ग्रंथालयात मागून पाहावा, पान उघडावे, मगच नाव लिहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम २०१८ सालापासून आहेत. त्यांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते; साठ टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. योग्य संदर्भ देऊन घेतलेले अवतरण त्या मोजणीतून वगळतात. घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या आपल्यासारख्यांना हे कोणी आधी सांगत नाही, आणि चोरीचा शिक्का मात्र लगेच बसतो. ज्याच्या घरी चार पुस्तके आहेत त्याला हा रिवाज ऐकून-पाहून कळतो. आपल्याला तो शिकून घ्यावा लागतो.

आतापर्यंत ग्रंथांचे आणि कागदांचे झाले. पण आपल्यापैकी अनेकांचे प्रकल्प गावावर असतात आणि गावाचा इतिहास पुस्तकांत फारसा नाही, तो माणसांजवळ आहे. तेथे आपली लेखणी एकदम सैल होते. ‘गावातील वृद्धांच्या मते’, ‘जुन्या जाणत्या लोकांकडून समजते’, असे आपण लिहितो. प्राध्यापकाचे मत असले की नाव, ग्रंथ, पृष्ठ. आणि आपल्या चुलत्याने विहिरीची, दुष्काळाची, जत्रेची माहिती दिली की ते ‘जाणते लोक’! चुलत्याला नाव नाही काय?

हे मला तीव्रतेने जाणवण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येतात. काही वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक गृहस्थ येऊन तीन दुपारी ओसरीवर बसले, त्यांनी ओव्या उतरवून घेतल्या आणि पुढे एक पुस्तिका काढली. पुस्तिका आमच्या घरीही आली. संग्राहकाचे नाव मुखपृष्ठावर आहे. प्रत्येक ओवीखाली ‘पारंपरिक’ असे छापले आहे. मी आजीला ओव्या वाचून दाखवल्या. तिने त्या ओळखल्या, हसली, आणि मग विचारले, ‘यात माझं नाव कोन्च्या पानावर हाय?’ ओवी परंपरेने आली हे खरे. पण त्यांतील काही ओव्या तिने आपल्या भावावर आणि लेकीवर स्वतः रचलेल्या आहेत, आणि बाकीच्याही तिने पन्नास वर्षे तोंडात ठेवल्या म्हणून त्या गृहस्थांना मिळाल्या.

असे न करताही काम होते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली त्यांनी बायकांच्या तोंडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. लाखभर ओव्यांना जे जमते ते आपल्या प्रकल्पातील वीस ओव्यांना जमायला हरकत नसावी.

माझ्या प्रकल्पासाठी मी आमच्या सरांशी बोलून जी पद्धत ठरवली ती अशी : सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, वय, गाव व तालुका, व्यवसाय, मुलाखतीची तारीख व ठिकाण, आणि माहिती स्वतः पाहिलेली की ऐकलेली. ध्वनिमुद्रण असेल तर ते कोठे ठेवले आहे तेही. नाव छापायला त्या व्यक्तीची संमती आधी घ्यायची. जमिनीचे किंवा घरातल्या भांडणाचे काही सांगितले असेल आणि नाव नको म्हटले, तर नाव न देता तसे टिपेत स्पष्ट करायचे. ग्रंथसूचीत ‘मुलाखती’ असा स्वतंत्र विभाग, आणि त्यांतील नावे ग्रंथकारांप्रमाणेच आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने.

वयाच्या रकान्यात मात्र आमची अडचण झाली. आजीच्या आधार कार्डावर एक जानेवारी ही जन्मतारीख आहे, ती गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची आहे. ती स्वतः म्हणते, ‘बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालं, तवा मी चौदा-पंधराची आसंल.’ सरांचे मत पडले की दोन्ही लिहावे : कार्डावरील तारीख, आणि पुढे कंसात तिचे स्वतःचे सांगणे. तसेच लिहिले आहे.